कडेनं पाहिलेली गिरजा

नागपूरहून चंद्रपूरची एसटी सुटली तेव्हा खिडकीची जागा मी आपणहून ह्यांना दिली. लग्न झाल्यापासून खिडकीवरून आमचं भांडण आहे आणि ते नेहमी मीच जिंकत आले. पण आता माझ्या दोन्ही डोळ्यांचे पडदे मधोमध विरले आहेत. कडेचं दिसतं, मधलं जातं. समोर माणूस आला की त्याचे कान दिसतात, खांदे दिसतात, हातातली पिशवीसुद्धा दिसते. चेहऱ्याच्या जागी मात्र धुराचा गोळा. हा गोळा पसरत जाणार, किती दिवसांत ते सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मग खिडकी घेऊन मी काय करणार?

मला गिरजाला पाहायचं होतं. हा सगळा प्रवास तेवढ्यासाठीच. माझे वडील चंद्रपूरकडच्या मूल गावाच्या पुढच्या एका खेड्यात शाळामास्तर होते आणि गिरजा तिथल्या धिवराची (तलावात मासेमारी करणाऱ्याची) मुलगी. चौथीपर्यंत आम्ही एका पाटीवर लिहिलं आणि एकमेकींच्या झिंज्या उपटल्या. पुढे वडिलांची बदली झाली, लग्नं झाली, दोनदा काय ती भेट झाली. डोळे पुरते जायच्या आत तिचा चेहरा एकदा नीट बघून ठेवावा, असं मनानं घेतलं. गावातल्या एसटीडीवाल्याकडे निरोप ठेवला, तेव्हा तिच्या मुलाचा, विलासचा, उलट फोन आला. ‘या मावशी. पण लवकर या,’ तो म्हणाला. मला ते अगत्य वाटलं.

आणि चेहरा बघायचा म्हणूनच कॅमेरा घेतला. दोन हजार पाच-सहाचा सुमार होता, रोलचे कॅमेरे दुकानाच्या मागच्या फळीवर जाऊन बसले होते. पुण्यातल्या दुकानातला मुलगा मला मेगापिक्सेल समजावत होता आणि मी विचारत होते, मागचा पडदा केवढा आहे, आणि काढलेला फोटो किती मोठा करून बघता येतो. एक कॅमेरा डोळ्याशी नेऊन मी मान वाकडी करून कडेनं पाहिला, तेव्हा त्याला वाटलं आजी वास घेतायत. ‘आजी, याला डोळा लावायची काचच नाहीये,’ तो म्हणाला. म्हटलं, नकोच मला. चंदेरी होते ते हातातून निसटत, काहींची बटणं बोटाला लागत नव्हती. शेवटी एक काळा, साबणाच्या वडीएवढा, मोठ्या पडद्याचा घेतला. त्याची मोठं करायची कळ चाचपून सापडत होती.

घरी येऊन पहिला फोटो ह्यांचा काढला. कळ दाबत दाबत मोठा केला आणि तुकड्या-तुकड्यानं पाहिला. आधी एक डोळा, मग दुसरा, मग नाक, मग हनुवटी. दोन वर्षांनी नवरा बघत होते. कानात केस वाढलेत आणि दाढी डाव्या बाजूला नीट होत नाही, हे तत्काळ सांगून टाकलं. त्या आठवड्यात मी कशाकशाचे फोटो काढले म्हणून विचारू नका. जाईची फुलं, औषधाच्या बाटलीवरची अक्षरं, समोरच्या गच्चीवरचं मांजर. लहान मुलाला खुळखुळा मिळावा तसं झालं होतं मला.

हे मात्र त्या डबीवर थोडे रुसलेच होते. कारण दोन वर्षं माझे डोळे तेच होते. आमचे हे जन्मभर तारखात्यात. शब्द मोजून वापरायचे, घरातसुद्धा. पण माझे डोळे गेले आणि ह्यांची जीभ सुटली. ‘आकाश कसं निळंशार आहे, बगळ्यांची रांग चालली आहे, एक म्हातारा नातवाला खांद्यावर घेऊन उभा आहे,’ असं अखंड चालायचं. मला त्याची सवय लागली होती.

चंद्रपूर जवळ आलं तसे हे म्हणाले, ‘वा! काय डोंगर आहेत, एकामागून एक. वर ढग टेकलेत.’

मी उठूनच बसले. माझं बालपण या मुलखात गेलेलं. या रस्त्याला डोंगरांच्या रांगा कुठून आल्या? ह्यांच्या अंगावरून हात काढून खिडकीतून दोन-तीन फोटो घेतले. एक बरा आला होता. मोठा करून बघते तर राखाडी मातीदगडांचा प्रचंड ढीग, कोळशाच्या खाणीतून उपसून टाकलेला, आणि माथ्यावर काडेपेटीएवढा ट्रक. दुसऱ्या फोटोत वीजकेंद्राच्या उंच चिमण्या होत्या. ढग कसले, धूर होता तो.

‘अहो, हे डोंगर?’

‘लांबून तसेच दिसतात,’ हे म्हणाले.

मग मला शंका यायला लागली की आपली ती बगळ्यांची रांग तरी खरी होती का. रात्र चंद्रपूरच्या लॉजवर काढली.

सकाळी मूलची गाडी धरली. डिसेंबरचे दिवस, पण थंडीला लागून आभाळही आलेलं. लोहाऱ्याच्या पुढे जंगल लागतं. दोन्ही बाजूंना साग आणि बांबू आहेत एवढं डोळ्यांच्या कडांना कळत होतं, बाकी मळकट काळोखी. फोटो काढले ते सगळे हलले. दिवसाच तेवढा उजेड नव्हता. ह्यांनी तोंड उघडलं नाही आणि मीही विचारलं नाही. मूल आलं ते नाकाला कळलं. राईस मिलच्या कोंड्याचा वास तसाच आहे. स्टँडवर विलास आला होता. पस्तिशीचा असेल, आवाज बसका, हात राठ. त्यानं माझी पिशवी घेतली.

‘आई बरी आहे ना?’

‘हाय ना मावशी. वाट पाहून राह्यली सकाळपासून,’ तो म्हणाला आणि पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

ऑटोतून गावात पोचलो. धान कापून झालेलं होतं, बांध्या (भाताची खाचरं) रिकाम्या. गिरजा दारातच उभी होती. लुगड्याचा हिरवा रंग दिसला, दोन हात दिसले, मधे नेहमीचा धूर. मी ह्यांना कोपरानं ढोसलं. ‘कशी दिसते?’

हे क्षणभर थांबले. ‘छान. हसतेय. पदर लावलाय तोंडाला, लाजल्यासारखा.’

‘आली व माय कुसम,’ गिरजा म्हणाली, पण शब्द जाड, तोंडातल्या तोंडात. आता या भागात तसं कोणीही बोललं तर काय समजायचं हे कोणीही सांगेल. शाळेतल्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत गालात खर्रा (सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला) धरून बोलायची इथे रीतच आहे. गिरजा तर शाळेपासूनची तंबाखूबहाद्दर. मी तिच्या दंडाला चिमटा काढला. ‘आधी तो तोबरा थुंक गं भवाने! इतक्या लांबून आले, माझ्याशी तरी रिकाम्या तोंडानं बोल.’

कोणीच हसलं नाही. विलास ह्यांना म्हणाला, ‘चाला भाऊ, तुमाले तलाव दाखोतो.’ दोघांच्या चपला लांब गेल्या.

गिरजानं मला बाजेवर बसवलं. घरात सुक्या झिंग्यांचा वास होता, आणि त्याखाली दुसरा एक, दवाखान्यातला, जखमेचा.

‘खर्रा कवाचाच सोडला मी,’ ती म्हणाली. ‘पर त्यानं मले नाई सोडलं. नागपूरले नेलं होतं पोरानं. घरी न्या म्हणे.’

मी तिचा हात शोधला. मग तिच्याकडे पाहावं म्हणून मी जे नेहमी करते ते केलं. सरळ पाहिलं तर माणूस दिसत नाही, म्हणून बाजूच्या खांबावर नजर लावली, म्हणजे कडेला ती दिसेल. तशी तिनं हात सोडवून घेतला.

‘तूबी तोंड फिरवते?’ ती म्हणाली. ‘सारेच फिरवते व. सूनबी भाकर देते त खाली पाहून देते. मले वाटलं, कुसम येऊन राह्यली, ते पाहील.’

मला रडूच कोसळलं. रडत रडत मी तिला सांगितलं की बाई गं, मी तुझ्याकडेच बघत होते. मला खांबाकडे बघितल्याशिवाय तू दिसत नाहीस. माझे डोळे मधून गेलेत. दारात आल्यापासून तुझं तोंड मला दिसलेलंच नाही.

मग तिच्या घशातून खरखर आली. मी घाबरले, पण ती हसत होती. ‘पाय बा कसं हाय,’ ती म्हणाली. ‘माह्यं तोंड गेलं, अन् तुले तोंडच दिसत नाई. देवानं जोडी तं बराबर लावली.’

मग दोघी हसलो. हसू ओसरल्यावर तिनं विचारलं, ‘मंग काहून आली एवढ्या दुरून?’

मी कॅमेरा काढून तिच्या हातात दिला. यात दिसतं, म्हटलं. फोटो काढायचा आणि मोठा करून बघायचा. ती तो उलटासुलटा करत राहिली. मला वाटलं आता नको म्हणेल, आणि नको म्हणाली असती तर मी आग्रह केला नसता.

‘काढ,’ ती म्हणाली. ‘पर तुयापाशीच ठेवजो. माह्या पोराले नको देऊ. मी गेली का हेच तोंड भितीवर टांगन तो, हार घालन. येणारे जाणारे पाह्यतीन. नाई पायजे मले.’

मी शपथ घेतली. ती उठून दाराच्या उजेडात बसली आणि तिनं पदर काढला. जखमेवरची पट्टीही स्वतःच सोडली. हिरव्या लुगड्याच्या वर जिथे धूर होता तिथे मी कॅमेरा धरला आणि कळ दाबली.

पडदा डोळ्याजवळ घेतला, मान वाकडी केली आणि वरून सुरुवात केली. कपाळ. पांढऱ्या झालेल्या भुवया, दाट, बापासारख्या. डोळे कॅमेऱ्याकडे रोखून पाहणारे, लहानपणी पैज लावायची तेव्हा असायचे तसे. नाकातली चमकी. मग बोटानं कळ दाबून खाली सरकले. डाव्या बाजूला गाल नव्हता. दात दिसत होते, आणि कडेचं ते लाल-काळं. मला मळमळलं, खोटं कशाला सांगू. पण ती माझ्याकडे पाहत होती, आणि मी त्या पडद्यावरून डोळा हलवला नाही. सगळं पाहिलं. पुन्हा वर गेले, पुन्हा खाली आले.

‘पाह्यलं?’

‘पाहिलं.’

‘मंग?’

‘भुवया अगदी तुझ्या बापाच्या झाल्यात गं.’

‘मिशाच राह्यल्या तेवढ्या मंग,’ ती म्हणाली. पुन्हा ती घशातली खरखर.

दुपारी सुनेनं भात, लाखोरीच्या डाळीचं वरण आणि सुके झिंगे वाढले. गिरजा पातळ पेज वाटीनं घेत होती, माझ्याशेजारी बसून, पदराआड न जाता. हे तलावावरून येऊन ‘काय सुंदर तलाव आहे’ असं सुरू करणार होते, तोच विलास म्हणाला, ‘कुठचा सुंदर भाऊ, बेशरमीनं (पाण्यात माजणारं एक झुडूप) भरला सारा. जाळं टाकाले जागा नाई.’ निघताना गिरजानं मला दारापर्यंत पोचवलं. आम्ही परत भेटू वगैरे काही बोललो नाही.

तिथून आम्ही गडचिरोलीच्या गाडीत बसलो. पुढे मार्कंड्याची देवळं बघायला जायचं असं आधीच ठरलं होतं. वाटेत माझा राग बाहेर आला.

‘तुम्हाला दारातच दिसलं होतं.’

‘दिसलं होतं.’

‘आणि हसतेय म्हणालात!’

ह्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, ‘जन्मभर लोकांना वाईट बातम्या कळवल्या मी. कमीत कमी शब्दांत. अमका गेला, ताबडतोब या. बसून तेच ठोकायचं. तुला नाही सांगवत मला तसं.’

रागवायचं होतं ते राहून गेलं. मी ह्यांचा हात धरला आणि म्हटलं, तरी यापुढे असेल तसं सांगा. वैनगंगेच्या पुलावर गाडी आली तेव्हा विचारलं, नदी कशी आहे. ‘वाळू आहे,’ हे म्हणाले. ‘खूप वाळू. पाणी पलीकडच्या काठाला, थोडंसं. कोणी नाही तिथे.’ मार्कंड्याला देवळावरच्या मूर्तींचे फोटो काढले, पण एकही मोठा करून बघावासा वाटला नाही. दुसऱ्या दिवशी परतीची वाट धरली.

पुण्याला आल्यावर धूर वाढत गेला. संक्रांतीनंतर कॅमेऱ्याच्या पडद्यावर भुवया दिसेनाशा झाल्या, नंतर नुसता उजेड. तरी मी तो बाहेर काढते, सुरू करते, कळ दाबत वरून खाली जाते. बोटाला वाट पाठ झाली आहे. डोळे नसलेल्या बाईनं कॅमेरा घेणं म्हणजे आंधळ्यानं आरसा घेण्यातला प्रकार, असं आमच्या नात्यातलं कोणीतरी म्हणालं. म्हणोत. मला जे पाहायचं होतं ते मी पाहून आले.

होळीच्या आधी विलासचा फोन आला. आई गेली, म्हणाला. तेरवी झाली. मग म्हणाला, ‘मावशी, तुमी त्या दिवशी फोटो काढला होता ना? आईचा एकबी फोटो नाई आमच्यापाशी. इलेक्शन कार्डावरचा हाय, तो काळाठिक्कर, वळखूच येत नाई. तुमी पाठवला त मोठा करून लावतो म्हटलं.’

तो रडत नव्हता, पण आवाज आणखी बसला होता. आईला नागपूरपर्यंत नेऊन आणणारा मुलगा. त्याचा हक्क माझ्यापेक्षा मोठा होता.

‘नाही रे बाळा,’ मी म्हटलं. ‘फोटो आला नाही. हात हलला माझा. आणि डोळे हे असे.’

‘नाई आला?’

‘नाही. पण हसत होती. खूप हसली त्या दिवशी.’

‘हो, मले तलावापर्यंत आयकू आलं,’ तो म्हणाला. तलाव घरापासून चांगला लांब आहे. मग म्हणाला, ‘बरं मावशी. नाई त नाई.’

फोन ठेवला. हे समोरच्या खुर्चीत पेपर घेऊन बसले होते. पेपर खाली ठेवल्याचा आवाज आला.

‘खरंच नाही आला फोटो?’ ह्यांनी विचारलं.

‘आलाय,’ मी म्हटलं. ‘फार चांगला आलाय. पण तुम्हालाही दाखवायचा नाही.’