सगळ्या गोष्टींतली एकच आई

"तुमच्या साइटवर सगळ्यांची आई एकच आहे का हो?" असा मेसेज मला एका मंगळवारी सकाळी आला, तेव्हा मी केडगावच्या चौकात कंपनीच्या बसची वाट पाहत उभा होतो. पाठवणारा राहुरीकडचा, आमच्यातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात तिरकस लेखक. मी एक हसरा चेहरा पाठवून मोबाईल खिशात घातला. बस आली, खिडकीशी जागा मिळाली, पण सुप्यापर्यंत मला काही हसू आलं नाही.

साइट म्हणजे कसली, ते आधी सांगतो. मराठीत कथा लिहिणाऱ्या गे पुरुषांसाठी मी ती चालवतो. मी स्वतः गे आहे आणि हे तेव्हा घरात कुणालाच माहीत नव्हतं. घरात आई, थोरला भाऊ, वहिनी आणि छत्तिशीतही ज्याच्यासाठी स्थळं येतात असा मी. सुरुवातीला आमचा मोबाईलवर आठ जणांचा ग्रुप होता. त्यात एकमेकांचे नंबर दिसायचे, म्हणून निम्मे लोक घाबरून बाहेर पडले. उरलेल्यांसाठी मी साइट बनवली. बनवली म्हणजे इकडून तिकडून शिकून, चुका करत, जेवणाच्या सुट्टीत आणि बसमध्ये बसून.

सुप्याच्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. दिवसभर पार्ट हातात घ्यायचे, उजेडात फिरवायचे आणि खोट शोधायची. ही सवय गेटबाहेर उतरत नाही. लग्नात जेवायला बसलो तरी मला मांडवाचा वाकडा खांब आधी दिसतो. साइटचंही मी तेच केलं. अक्षरं मोठी केली, आठवड्याने लहान केली. प्रतिक्रिया उघड्या ठेवल्या, मग बंद केल्या, मग पुन्हा उघडल्या. राहुरीकराने एकदा लिहिलं होतं, "आम्ही जरा टेकतोय तोवर तुम्ही भिंत हलवता." मला राग आला होता. इतकी मेहनत घेणाऱ्या माणसाला असं बोलतात का?

या राहुरीकरामुळेच आमचा सगळ्यात महत्त्वाचा नियम झाला. त्याच्या पहिल्या कथेत कालव्याकाठचा पेरूचा मळा होता आणि मळ्यातल्या ट्रॅक्टरवर मागे रंगवलेली एक ओळ होती. ओळ खरी होती. त्याच्या चुलतभावाने ती कुठेतरी वाचली आणि फोन करून विचारलं, "आपल्या ट्रॅक्टरवरचं हे कुणी छापलं रं?" राहुरीकराने कानावर हात ठेवले, पण त्याला आठवडाभर जेवण गेलं नाही. त्यानंतर मी कारखान्यातला नियम साइटवर आणला. पार्ट ज्याने केला त्याने तो पास करायचा नाही. प्रत्येक कथा आधी दुसऱ्या कुणीतरी वाचायची आणि तिच्यातल्या ओळखीच्या खुणा काढायच्या. गाव, धंदा, घरातल्या माणसांच्या लकबी, सगळं. याला आम्ही पुसणी म्हणायचो. पुसणी झाल्याशिवाय कथा साइटवर जायची नाही.

बाकीचे पुसणीला फार वेळ लावायचे, म्हणून हळूहळू सगळ्यांची पुसणी मीच करू लागलो. खूण काढली की कथेत भोक पडतं. नाशिककडच्या कुणाच्या आईची एखादी लकब काढली की तिथे नुसती "आई" उरते, कापडाच्या बाहुलीसारखी. मग मी तिथे काहीतरी भरायचो. शेवट मिळमिळीत वाटला तर तेही कळवायचो. "शेवटाला वजन हवं," हे माझं ठरलेलं वाक्य होतं.

त्या मंगळवारी बसमध्ये मी साइट उघडली आणि पहिल्यापासून वाचत गेलो. पन्नासेक कथा, नांदेडपासून सावंतवाडीपर्यंतच्या लोकांच्या. सगळ्यांच्या आया, उशीर झालेल्या माणसाच्या चहाच्या कपावर बशी पालथी घालत होत्या. सगळ्या गालात लवंग धरत होत्या. टीव्ही बंद करताना रिमोट हातात असूनही सगळ्या उठून भिंतीवरचं बटण दाबत होत्या. ही माझी आई होती. दुसऱ्यांच्या आया पुसताना मी हाताशी होती ती आई भरत गेलो होतो, दोन वर्षं, एकदाही लक्षात न येता. खोट शोधायचा पगार घेणारा माणूस मी. सगळ्यांना लपवता लपवता मीच तेवढा उघडा पडलो होतो.

जेवणाच्या सुट्टीत मी दुरुस्ती सुरू केली. बशीच्या जागी ताटली, लवंगेच्या जागी सुपारी. पाच कथा झाल्या. उरलेल्या उद्या करू म्हणून घरी आलो, हातपाय धुतले, तर वहिनी ओट्याशी मेथी निवडत होती. मोबाईल तेलाच्या डब्याला टेकवून ठेवलेला. ती दुपारी मोबाईलवर कथा वाचते हे मला माहीत होतं. ती सासवासुनांच्या मालिकांसारख्या कथा वाचत असेल असं मी धरून चाललो होतो.

"भाऊजी," ती म्हणाली, "आमच्या माहेरच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर एक गोष्ट आलीय. दोन पोरांची हाय. वाचून दाखवू?"

साइटवर कथा पुढे पाठवायचं बटण मीच बसवलं होतं. सगळ्यांनी नको म्हटलं होतं आणि मी हट्टाने बसवलं होतं. वाचायलाच कुणी नसेल तर लिहायचं कशाला, असं भाषणही दिलं होतं.

तिने वाचलं. बशी आली. मी म्हणालो, "असतात अशा बायका."

"लवंग बी?"

"लवंग काय, कुणीही खातं."

"आन् टीव्हीचं बटन बी भिंतीवरनं?" तिने माझ्याकडे पाहिलं, मग बाहेरच्या खोलीकडे पाहिलं. तिथे आई बातम्या बघत बसली होती. वहिनीने मेथीच्या काड्या गोळा केल्या आणि पुढे एक शब्द बोलली नाही.

बोलली असती तर बरं झालं असतं. पुढचे चार दिवस मला कुठेच स्वस्थ बसवलं नाही. साइटवर कधी किती वाचलं जातं ते दाखवणारा आकडा मीच लावला होता, आता तोच माझ्या जिवावर उठला. बुधवारी दुपारी दोन ते चार कुणीतरी ओळीने चौदा कथा वाचल्या. गुरुवारी सतरा. वहिनीची भांडी दोनला होतात आणि चारला ती पाणी भरायला उठते. मी मशीनजवळ उभा राहून मोबाईलवर तो आकडा वाढताना बघत होतो. त्या नादात खराब पार्टांचा एक अख्खा ट्रे माझ्या सहीने पुढे गेला. सुपरवायझरने सगळ्यांसमोर तो परत आणून टेबलावर ठेवला. नऊ वर्षांत असं पहिल्यांदा झालं.

घरी तर आणखी वाईट. वहिनी ताट वाढायची, भाजी हवी का विचारायची, सगळं नेहमीसारखं. ती भावाला सांगणार का? आईला? मी तिच्या चेहऱ्यावर काही दिसतंय का ते बघत राहायचो. ती पदराने घाम पुसून पुढची पोळी टाकायची.

शुक्रवारी बसमध्ये मी ठरवलं, साइटच काढून टाकायची. एक बटण, मग "नक्की का?" म्हणून दुसरं बटण, संपला विषय. तरी कळवणं भाग होतं, म्हणून राहुरीकराला लिहिलं की घरी कळण्याची वेळ आलीय, साइट बंद करतोय, आपापल्या कथा उतरवून घ्या.

त्याचं उत्तर लगेच आलं. "उतरवून कुठं ठेवू? माझा मोबाईल घरातली चार माणसं हाताळतात. घरी ठेवता येत नाहीत म्हणून तर तुमच्याकडे ठेवल्यात. माझ्याकडे दुसरी प्रत नाही. कुणाकडेच नाही."

मला त्याचा संताप आला. माझं घर पेटायला आलंय आणि याला कथांची पडलीय. मग वाटलं, तो तरी काय वेगळं सांगतोय? त्याच्याकडे त्या कथांखेरीज आहे काय? मी बटणावरचं बोट काढलं. सुपा आलं, सगळे उतरले, ड्रायव्हरने हाक मारली तेव्हा मी उठलो.

शनिवारी मी अर्ध्या दिवसाने घरी आलो. भाऊ कामावर होता, आई शेजारच्या हळदीकुंकवाला गेली होती. वहिनी दारातल्या पायरीवर लसूण सोलत बसली होती. मी आत जायला निघालो तर म्हणाली, "बसा जरा."

मी बसलो.

"समद्या वाचून झाल्या माझ्या," ती म्हणाली. "मी काय बी इचारत न्हाई तुमाला. इचारायचं असतं तर पयल्याच दिवशी इचारलं असतं."

मी मान हलवली.

"फकस्त येक सांगते. समद्या गोष्टींत शेवटाला त्या पोराच्या आईला कळतं. आन् कळलं का ती उठती न् दार लावून घेती. येक न्हाई, दोन न्हाई, समद्यांत तेच." तिने मागे दाराकडे मान वळवली. आमच्या दाराला आईने फुटक्या दगडी पाट्याचा तुकडा टेकवून ठेवलेला असतो, दार वाऱ्याने आपटू नये म्हणून. सकाळी ती तो लावते, झोपायच्या वेळी काढते. "मला ह्या घरात येऊन अकरा वर्सं झाली भाऊजी. आईंनी दिवसा दार लावल्यालं मी तरी बघितलं न्हाई. बशी बरुबर लिवली, लवंग बरुबर लिवली. हे मातर खोटं लिवलंय."

ती लसणाचं सुपलं घेऊन आत गेली. मी तिथेच बसून राहुरीकराला लिहिलं. सगळ्यांच्या गोष्टींतल्या आयांनी शेवटी दार का लावलं, असं विचारलं. खरं तर मला त्याच्याकडून ऐकायचं होतं की आपल्या लोकांच्या घरात असंच होतं.

"दार तुम्ही लावलंत," त्याने लिहिलं. "मी लिहिलं होतं की सगळं ऐकून आई भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली. तुम्ही कळवलंत, शेवटाला वजन नाही. दार सुचवलंत. इतरांचंही तसंच झालं असेल. तुम्ही साइटचे मालक, आम्ही ऐकलं."

मी वर सरकवत गेलो, जुने निरोप काढून पाहिले. खरं होतं. कोल्हापूरच्या एकाची आई नुसती रडली होती, तिला मी दार लावायला लावलं होतं. परभणीच्या एकाच्या आईने विचारलं होतं, "जेवलास का?" ते मी काढलं होतं, खरं वाटत नाही म्हणून. पन्नास घरांची दारं मी केडगावात बसून लावली होती आणि ज्या बाईच्या भीतीने लावली तिला एकदाही काही विचारलं नव्हतं. मला माझी लाज वाटली. दुसरा शब्द नाही त्याला.

रविवारी दुपारी जेवणं झाली. भाऊ आत आडवा झाला होता. आई बाहेरच्या खोलीत लवंग गालात धरून बसली होती आणि वहिनी माझ्याकडे न बघता भांडी घेऊन मागे गेली. मी आईजवळ जाऊन बसलो. इतके शेवट मी दुरुस्त केले होते, पण सुरुवात कशी करायची ते मला येत नव्हतं.

"आई, माझ्यासाठी स्थळं बघू नको," मी म्हणालो. "मला बाई नको. मला पुरुष आवडतात. पहिल्यापासूनच."

आई माझ्याकडे बघत राहिली. मग टीव्हीकडे. मग ती उठली, भिंतीवरचं बटण दाबून टीव्ही बंद केला आणि दाराकडे चालू लागली. तिने दाराला हात लावला. बाहेर वारा सुटला होता, दार हलत होतं. ती वाकली, पाट्याचा तुकडा हाताने आणखी आत सारला, दार हलवून बघितलं आणि परत येऊन बसली.

"तुझ्या वहिनीला ठावं हाय?" तिने विचारलं.

"हो."

"कवापासून?"

"झाले चार-पाच दिवस."

"आन् मला आज सांगतुयास," आई म्हणाली. तिचा आवाज फुटला होता, रागाने की कशाने ते मला कळलं नाही. "कालची आल्याली तिला आदी, आन् मी मागनं."

तिचं बरोबर होतं. तिने उठून चहा केला. माझ्या कपावर तिने बशी घातली नाही, कारण मी समोरच बसलो होतो. संध्याकाळी दारातून डास आत येऊ लागले, तरी दार लावायला आमच्यापैकी कुणी उठलं नाही.