बटण सोड, दादा

आमच्या घरात दादा बोलायला लागला की बाकीच्यांनी गप्प बसायचं. हा नियम कुणी केला नव्हता, पण मोडायची कुणाची टाप नव्हती. त्याचं आयुष्य कागलच्या एमआयडीसीत मशिनांच्या खडखडाटात गेलं, त्यामुळं आवाज कायम चढा. समोरच्याचं ऐकायची सवय तिथंच मोडली, असं वहिनी म्हणायची. मी त्याची धाकटी बहीण. मला विचाराल तर ती सवय त्याला कधी लागलीच नव्हती.

कारखाना पोराच्या हवाली केल्यावर त्यानं एक जुनी जीप घेतली आणि भुदरगडाकडच्या डोंगरात, दगडधोंड्यांच्या वाटांवर ती चढवायचा नाद लावून घेतला. सोबत त्याचा एक जुना मित्र असायचा, त्याची स्वतःची जीप घेऊन. मग दादाला हृदयाचा झटका आला. दोन स्टेंट टाकल्या. डॉक्टर म्हणाले, गाडी चालवा, पण एकटे कुठं जाऊ नका. दादानं त्यातलं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं.

वहिनीनं जीपची किल्ली देवघरात नेऊन ठेवली. डोंगरात मोबाईलला रेंज नसते, तेव्हा दोन्ही गाड्यांत रेडिओ बसवा आणि मित्राच्या गाडीत हिला बसवा, तरच किल्ली मिळेल, असं तिनं सांगितलं. हिला म्हणजे मला. दादाच्या शेजारी बसायची सोय नव्हती, कारण शेजारी बसून शिकवणारं माणूस त्याला चालत नसे. म्हणजे दादाचा जीव एका यंत्रावर आणि माझ्या कानावर सोपवून वहिनी मोकळी झाली. मोकळी कसली, आम्ही परत येईपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरत नसे.

आधी हातातले वॉकीटॉकी आणून बघितले. जीपच्या आवाजात ते ऐकूच येईनात आणि मधे एखादी टेकडी आली की मुके व्हायचे. मग गाडीत पक्के बसवायचे मोठे सेट घ्यायचे ठरलं. त्याला सरकारी परीक्षा देऊन लायसन काढावं लागतं. आम्ही तिघांनीही ती दिली. दादानं जेवणाच्या टेबलावर पुस्तक मांडून इतक्या मोठ्यानं पाठांतर केलं की घरातल्या सगळ्यांचाच अभ्यास झाला.

सेट बसवायला उद्यमनगरातला एक वायरमन गाठला. अँटेना टपाच्या मधोमध बसवली की चारी बाजूंना सारखं पोचतं, असं तो म्हणाला. मित्राच्या जीपचा टप लोखंडी होता, तिथं भोक पाडून काम झालं. दादाच्या जीपला कापडी हूड. शेवटी बॉनेटच्या कडेला, मडगार्डवर जागा ठरली. वायरमन तिथला रंग खरवडायला लागला तसा दादा उखडला.

"आत्ताच रंग मारलाय की रं. वरनंच बसव."

"रंगावर बसवली तर अर्थिंग मिळणार न्हाय काका. मग तुमचं बोलणं बॉनेटवरच ऱ्हाईल."

आपलं बोलणं बॉनेटवर राहील या कल्पनेनंच दादा गप्प झाला. बॅटरीवरून थेट वायर ओढली, मधे फ्यूज टाकला. मीटरच्या काट्याकडं बघत बघत अँटेनाची काडी लांबी जुळेपर्यंत टोकाला नखाएवढी कापत नेली. वहिनीनं येऊन सेटला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मग मित्र गाडी घेऊन हायवेला लांबवर गेला आणि दादा रंकाळ्यावर थांबला. मी मित्राच्या गाडीत होते. आवाज इतका स्वच्छ आला की दादाच्या तोंडातली सुपारीसुद्धा ऐकू येत होती.

वापरायची रीत सोपी. माईकचं बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. दोन्ही एकदम होत नाही. एकानं बटण दाबून धरलं असेल, तर दुसऱ्यानं कितीही बोंबललं तरी त्याच्या कानावर काही पडत नाही. म्हणून सेटमधे एक सोय होती. कुणी फार वेळ बटण दाबून बसलं की सेट आपणहून त्याचं बोलणं तोडायचा. पहिल्याच दिवशी दादा कसली तरी लांबलचक हकिकत सांगत होता आणि ती मधेच तुटली. तो तसाच गाडी घेऊन वायरमनकडं गेला. मागून आम्हीही पोचलो.

"माझं बोलणं कोण तोडतंय?"

"सेट तोडतोय काका. बटण चुकून दाबलेलं ऱ्हायलं तर..."

"माझं चुकून काय ऱ्हात न्हाय. माझ्या बायकोनं कधी मला मधी तोडलं न्हाय, ह्येला कुणी अधिकार दिला? काढून टाक ते."

वायरमननं माझ्याकडं बघितलं, मित्राकडं बघितलं आणि ती सोय बंद करून टाकली. आम्ही पोट धरून हसलो. घरी ऐकून वहिनीही हसली. त्या हसण्याचा मला आज संताप येतो, आणि दादाचा त्याहून जास्त.

पावसाळा सरून डोंगरमाथ्याच्या सड्यावरचं गवत पिवळं पडायला लागलं होतं. त्या दिवशी सकाळी मुरगूडला चहा घेतला, दादानं भजी मागवली, मी डोळे वटारले, त्यानं खाल्ली. डोंगरावर नेहमीप्रमाणं तो पुढं गेला. वाटेत म्हशींचा कळप आडवा आला, आम्ही थांबलो, आणि दादाची जीप दिसेनाशी झाली. पुढं वाट दोन बाजूंना फुटत होती. कातळावर चाकांच्या खुणा उमटत नाहीत. आता त्याला विचारावं म्हणून मी माईक उचलला, तेवढ्यात त्याचाच आवाज आला.

"छातीत कळ आलीया गं. गाडी खाली झाडाच्या कडंला घेतलीया."

मित्र म्हणाला, "ताई, विचारा, उजवीकडं का डावीकडं."

मी बटण दाबून विचारलं. सोडलं. दादा बोलतच होता. घाम फुटलाय, डावा हात जड झालाय. मी परत विचारलं, परत सोडलं. तो बोलतच होता. त्यानं बटण सोडलंच नव्हतं. मी ओरडले, "बटण सोड, दादा." ते फक्त मित्रानं ऐकलं.

मित्रानं अंदाजानं उजवी वाट धरली. जिभेखाली धरायच्या गोळीची डबी त्याच्या गाडीच्या खणात असायची, ती त्यानं काढली की नाही हेसुद्धा मला विचारता येत नव्हतं. दादा मला विचारत होता, "ऐकतीस का गं?" आणि उत्तरासाठी बटण न सोडताच थांबत होता.

"बोल की. एरवी लई तोंड चालतंय, आता का गप?"

माझ्या हातात माईक होता, घसा फाटेस्तोवर मी हाय, हाय म्हणत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्याला माझं ऐकायचं होतं. अँटेना उत्तम चालत होती. त्याचा एकेक श्वास माझ्यापर्यंत पोचत होता.

उजवी वाट कड्याशी संपली. गाडी वळवून परत फाट्यावर येईपर्यंत तो वहिनीशी बोलायला लागला होता. "किल्ली तुझ्याकडंच ठेवाय पायजे हुतीस," एवढं कळलं. मग नुसतेच श्वास. मग तेही नाहीत. पण बटण सुटलं की रेडिओत येते ती खरखर आली नव्हती, त्याचं बटण अजून दाबलेलंच होतं. बटण दाबलेलं आहे म्हणजे अंगठ्यात जोर आहे, आणि जोर आहे म्हणजे दादा आहे, असं मी स्वतःला सांगत राहिले.

डाव्या वाटेनं बरंच पुढं गेल्यावर खाली झाडीत अँटेनाची काडी दिसली. जीपचं अंग दिसत नव्हतं. मित्र गाडी थांबवून उतारावरून धावत गेला. माझे गुडघे तो उतार उतरण्यातले नाहीत. मी वर बसून माईकवर बोलतच राहिले. "दादा, आलो आम्ही. बटण सोड. मी हाय हितं, बटण सोड."

आणि एकाएकी खालच्या झाडीतून माझाच आवाज वर आला. मी हाय हितं, बटण सोड. दादा सेटचा आवाज कायम पूर्ण मोठा ठेवायचा. बटण सुटलं होतं. मला इतका आनंद झाला की रडू फुटलं. दादानं बटण सोडलं, आता त्याला माझं ऐकू जाणार, एवढंच मनात आलं. मी सांगायला लागले, घाबरू नकोस, गोळी जिभेखाली धर, वहिनी वाट बघतीया. सगळं एका दमात सांगितलं आणि त्याच्या उत्तरासाठी बटण सोडलं.

उत्तर मित्राचं आलं. "ताई, मी सोडवला त्याचा अंगठा. आता बोलू नका."