दुसऱ्यांदा रंगवलेली पाटी

श्री. वामनराव केळुसकर यांची आणि माझी पहिली भेट भांडुपला त्यांच्या शेडमध्ये झाली. ऐंशी-एक्याऐंशी साल असावे. मी तिशीतली, चित्रकला शिकलेली बाई. लाकडी पाट्यांची अक्षरे काढून देण्याचे काम मागायला गेले होते. वामनराव एक तयार पाटी दाराच्या उजेडात तिरकी धरून उभे होते. माझे नमुने बघण्याआधी त्यांनी तीच आरशासारखी माझ्यापुढे केली.

"चेहरा दिसतोय?"

"दिसतोय."

"सरळ?"

हनुवटीपाशी किंचित लाट होती. मी तसे सांगितले.

"उद्यापासून या," ते म्हणाले, आणि ती पाटी पुन्हा घासायला घेतली.

सागवानाच्या रेषा लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवायच्या, सुकल्यावर पॉलिशपेपरने घासायचे, प्रायमर मारायचा, पुन्हा घासायचे. मग रंग मलमलीतून गाळून स्प्रे गनमध्ये भरायचा. गन वीतभर दूर, हात सरळ, थर पातळ. अक्षरांसाठी आलेल्या मला वामनरावांनी दोन वर्षांत हे सगळे शिकवले. बाईच्या हाती गन देणारे दुसरे कोणी तेव्हा माझ्या माहितीत नव्हते.

घाटकोपरच्या रेगे पतीपत्नींची एकुलती मुलगी सुलभा कॉलेजात असताना तापाने गेली. तिच्या नावाने ते वाचनालय काढत होते. त्याची पाटी आमच्याकडे होती, तिच्यावर उठावाची अक्षरे, 'सुलभा वाचनालय'. उद्घाटन माझ्या दुसऱ्या पावसाळ्यात, जुलैतल्या एका रविवारी होते. त्या आठवड्यात वामनराव बोरिवलीला पाटी बसवायला गेले. जाताना म्हणाले, "हवा दमट आहे, बाई. ऊन पडल्याशिवाय गन उचलू नका."

मी उचलली. दिवस थोडे उरले होते, आणि आपल्याला जमते अशी घमेंडही होती. प्रायमर नीट सुकला नव्हता, तरी रंग मारला. सकाळी सुलभाच्या नावावर, रंगात दुधाळ ढग आले होते.

"वरून एक हात मारला तर झाकलं जाईल," वामनराव परतल्यावर मी म्हटले.

"आज झाकलं जाईल. आतली ओल सहा महिन्यांत पापुद्रा काढेल. तेव्हा त्या दाराशी तिची आई असणार."

पाटी रविवारपर्यंत होणार नाही हे सांगायला ते मला घेऊन रेग्यांकडे गेले. निमंत्रणे गेलेली होती. रेगे संतापले. "चूक माझ्या हातून झाली," वामनराव म्हणाले. मी शेजारी उभी होते. तोंड उघडले नाही.

रविवारी वाचनालय पाटीशिवाय उघडले. मंगळवारी रेगेबाई एकट्याच शेडमध्ये आल्या. वामनरावांनी पाटी खरवडून लाकडापर्यंत आणली होती.

"मी काही करू शकते का?" त्यांनी विचारले.

वामनरावांनी त्यांना स्टूल दिले, पॉलिशपेपरची घडी घालून दिली. "रेषेच्या दिशेने, वहिनी. जोर लावू नका."

तीन दुपारी त्या येत राहिल्या. एकेका अक्षराच्या कडेने बोट फिरवत घासत राहिल्या. तिसऱ्या दिवशी, मान वर न करता, त्या बोलू लागल्या. सुलभा पुस्तकात कशी केसांची पिन खूण म्हणून ठेवायची, ते सांगत होत्या. मुलगी गेल्यापासून त्यांनी घरात तिचे नाव घेतले नव्हते, हे रेग्यांनी आम्हांला पुढे सांगितले. ऊन पडल्यावर वामनरावांनी स्वतः रंग मारला. पाटी आजही तशीच तुकतुकीत आहे.

पण बोभाटा झाला होता. 'केळुसकरांची पाटी उद्घाटनाला पोचली नाही' हे मुलुंडपर्यंत गेले, दोन शाळांची कामे हातची गेली. वामनरावांनी कधी, कुणापाशी, खुलासा केला नाही. म्हणून त्यांच्या साठीनिमित्तच्या या ग्रंथात मी लिहून ठेवते: ती चूक माझी होती. हे लिहिणार असल्याचे सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "तुम्ही तेव्हा नवीन होतात, बाई."

शेडमधल्या आमच्यापैकी कुणाच्या नाकाला फडके नसेल तर ते गनचा कॉम्प्रेसर बंद करत. स्वतः मात्र तसेच रंगाच्या धुरळ्यात उभे राहत. त्या वर्षांचा खोकला आता त्यांना जिना चढू देत नाही. त्यांना पुष्कळ आयुष्य लाभावे, आणि त्यातला प्रत्येक श्वास त्यांना न थांबता, पुरता घेता यावा, एवढेच आम्हां सर्वांचे मागणे आहे.