रबर सोल्यूशनचा वास

पंक्चरच्या दुकानात रबर सोल्यूशनचा वास आला की मला अजून मळमळतं. त्याच सोल्यूशननं चिकटवलेल्या फोमच्या तलवारी घेऊन आम्ही वीसेक जण एका रविवारी उचगावजवळच्या माळावर जमलो होतो. खेळ असा, की प्रत्येकानं दिवसभर एक पात्र व्हायचं, त्याच्यासारखंच बोलायचं, वागायचं. माझी पहिलीच खेप. सरदार व्हायचं म्हणून मी आठवडाभर खपून ढाल चिकटवली होती. खेळ चालवणाऱ्यानं पाठीवर हात ठेवून विचारलं, "पावणं, आडनाव काय म्हणायचं?" मी सांगितलं. पाठीवरचा हात निघाला. त्याच्याजवळच्या पात्रांच्या यादीत सरदारांच्या तीन जागा रिकाम्या दिसत होत्या, तरी तो म्हणाला, "तुमी वेशीबाहेर थांबा की. मेलेलं घोडं ओढायला माणूस पायजेच हाय." घोडं म्हणून चिपाडं भरलेलं पोतं तयारच होतं. मला तिथं घेऊन आलेला मित्र खाली बघत पुटपुटला, "खेळच हाय की रं." मी ढाल त्या पोत्यावर टाकली आणि घरी आलो. परवा ट्यूब दुकानात ठेवून निघताना पंक्चरवाल्यानं नाव विचारलं. मी नुसतं पहिलं नाव सांगितलं, आणि त्या वासापेक्षा जास्त किळस मला माझीच आली.