देवकीच्या मागोमाग

देवकीला कुणाच्या मागे चालता यायचं नाही. आश्रमशाळेत जेवणाची रांग लागली की ही पहिली, प्रार्थनेला ही पहिली. खोडाळ्याच्या बाजाराला आम्ही पोरी निघालो की रस्ता चांगला रुंद असायचा, गप्पा मारत शेजारी शेजारी जाता आलं असतं. पण देवकी आपली चार पावलं पुढे. मी शाळेत नवीन होते तेव्हा मला हा शुद्ध आगाऊपणा वाटला. मी साखरशेतची, वडील जव्हारला एका कचेरीत शिपाई, त्यामुळे माझ्याही अंगात थोडी ऐट होती. एकदा मी मुद्दाम तिच्या पुढे गेले. तिने मला दंडाला धरून मागे घेतलं आणि म्हणाली, "तू कशाला पुढं चाललीस? तुझ्या हातात काठी हाय का?" काठी तिच्याही हातात नव्हती.

त्या काठीचा उलगडा गणपतीच्या सुटीत झाला. देवकीने मला पोशेऱ्याला घरी नेलं होतं. तिथल्या पायवाटांवर तेव्हा गवत कमरेच्या वर गेलेलं असतं, आणि गवतात काय असेल ते सांगता येत नाही. रानात भाजीला निघालेल्या पोरी एकामागून एक चालतात. सगळ्यांत मोठीच्या हातात काठी. ती गवतावर काठी आपटत जनावर हुसकावते, नजर पायापुढच्या जमिनीवर ठेवते आणि काही झालं तरी मागे वळून बघत नाही. मागच्या येताहेत की नाही हे ती फक्त विचारते, "हायेत का गो?" मागच्यांनी म्हणायचं, "आलू, आलू." ओ आली नाही, तर पुढचीने थांबायचं. देवकीच्या पाठीवर चार भावंडं, त्यामुळे हातात धरवली तेव्हापासून काठी तिच्याकडेच होती.

खेळाच्या सरांनी आम्हा दोघींना धावायला लावलं तेव्हा हेच सगळं तिने जसंच्या तसं रस्त्यावर आणलं. ती पुढे, मी मागे. तिची नजर खाली. चढ सुरू झाला की पुढून हाक, "हायस का गो?" मी धापा टाकत "आलू" म्हणायची. सर सायकलवरून ओरडायचे, "बोलू नका! दम वाया जातो!" देवकी वळूनही न बघता सांगायची, "सर, दम माझाच हाय ना?" सर कपाळावर हात मारून घ्यायचे. पण तिचा दम खरंच वाया जात नव्हता. माझा जात होता, तरी तिला ओ देण्याची मला इतकी सवय झाली की मैदानात एकटी धावताना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

ठेंगणी, सावळी, तेलाने चोपून घातलेल्या दोन वेण्या आणि हसली की दिसणारा पुढचा अर्धा तुटलेला दात, अशी होती ती. पुढे आम्ही निवड होऊन मोठ्या शिबिरात गेलो. ती पंधराशे मीटरसाठी, मी आठशेसाठी. तिथे तिने खोडाळ्याच्या बाजारातली सुकट कपड्यांच्या घड्यांत लपवून नेली. रेक्टरबाई दोन दिवस वासाच्या मागावर होत्या आणि शेवटी त्यांनी गटार साफ करून घेतलं. सकाळी ओट्स मिळायचे. देवकी वाटीत चमचा फिरवून म्हणायची, "ही पेज रुसलेली हाय गो." मग पंजाब-हरियाणाच्या उंच पोरींना मेसच्या पोळीवर तिखट सुकट घालून खायला द्यायची, आणि त्या बिचाऱ्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत खायच्या.

शिबिरातल्या प्रशिक्षकांनी तिच्यापुढे हात टेकले होते. पंधराशेत पुढे धावणं म्हणजे वारा आपल्या छातीवर घेणं. शहाण्या धावपटू कुणाच्या तरी आडोशाने तीन फेऱ्या काढतात आणि शेवटी सुटतात. देवकी बंदूक वाजली की पुढे. "मान वर ठेव," ते म्हणायचे, "या लाल रबरावर साप येणार आहे का?" देवकी गंभीरपणे विचारायची, "आला म्हंजे?" एकदा त्यांनी तिला जबरदस्तीने मागे धावायला लावलं. तिची वेळ इतकी वाईट आली की त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

तिला पदक का हवं होतं, ते मात्र आमच्यातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, कारण ती लपवायचीच नाही. दिवाळी झाली की तिच्या घरचे दाराला काटेरी फांद्या लावून वीटभट्टीवर निघायचे. आमच्याकडे त्याला 'जगायला जाणं' म्हणतात. पाऊस तोंडावर आला की परत. आश्रमशाळेत आल्यावर देवकी वर्षभर शाळेत राहू लागली, पण मे महिन्यात शाळा बंद, मग ती भट्टीवर. त्यामुळे तिने स्वतःचं गाव उन्हाळ्यात कधी बघितलंच नव्हतं. दारातल्या मोहाच्या झाडाला फुलं आलेली तिला ठाऊक नव्हती. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या ती मला विचारायची, "मोहाची फुलं पडतात तवा वास कसा येतो गो?" माझे वडील नोकरीत, आम्ही बारा महिने घरी, म्हणून मी या विषयातली पंडित. मी आंबूस-गोड असं काहीतरी सांगायची. "आंबूस का गोड? नीट सांग ना," ती म्हणायची. करवंदं कुठल्या उतारावर आधी पिकतात, रात्री खळ्यात झोपलं तर किती गार वाटतं, सगळं तिला पुन्हा पुन्हा हवं असायचं.

परदेशातून पदक आणलं तर आपल्या राज्यात सरकारी नोकरी मिळते, आणि मागितली तर जव्हार-मोखाड्यातही मिळू शकते, असं सरांनी तिला सांगितलं होतं. देवकीचा हिशेब तेवढाच. "पदक आला का घर बारा महिने उघडा," ती म्हणायची. झेंडा, राष्ट्रगीत, पेपरात फोटो, या गोष्टींवर पोरी बोलायच्या तेव्हा ती नखं कुरतडत बसायची.

आशिया खंडातल्या त्या मोठ्या स्पर्धेला आम्ही दोघी गेलो. माझी आठशे मीटर पहिल्याच फेरीत आटोपली. त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही, कारण मी तिथपर्यंत पोचले हेच माझ्या घरच्यांना खरं वाटत नव्हतं. देवकीची अंतिम शर्यत मी प्रेक्षकांत बसून बघितली. स्टेडियम भरलेलं, ढोल, शिट्ट्या, निरनिराळ्या भाषांतला आरडाओरडा. बंदूक वाजली आणि देवकी पुढे गेली. बाकीच्यांनी तिला जाऊ दिलं. ही दमेल आणि येईल आपल्या हातात, असं त्यांना वाटलं असणार. पण ती दमली नाही. तिसऱ्या फेरीत तिच्या मागे इतकं अंतर पडलं की माझ्या शेजारचा परका माणूस उठून उभा राहिला. मीही उभी राहिले. मला तिच्या घराचं दार दिसायला लागलं होतं, उघडं.

शेवटच्या फेरीची घंटा झाली. ती आमच्या समोरून गेली तेव्हा तिचे ओठ हलले. दुसऱ्या कुणाला ते धापा टाकणं वाटलं असेल. ती मागच्यांना विचारत होती. मागे पावलं वाजत नव्हती, कारण सगळ्या लांब राहिल्या होत्या, आणि ओ द्यायला मी तिथे नव्हते. मी बेंबीच्या देठापासून ओरडले, "आलू गो! आलू! तू जा!" आजूबाजूचे माझ्याकडे बघू लागले. त्या गोंगाटात माझा आवाज माझ्याच कानापर्यंत नीट पोचला नाही. पलीकडच्या सरळ पट्ट्यावर देवकीची पावलं आखडली. मग जे तिने जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. तिने मागे वळून बघितलं. मागच्यांना तेवढंच हवं होतं. त्या सुटल्या. देवकीला त्या दिसल्या, तशी तीही पुन्हा पळू लागली, पण एकदा मोडलेली लय पंधराशेत परत सापडत नाही. शेवटच्या वळणानंतर एक गेली, दुसरी गेली, आणि रेषेच्या अगदी तोंडाशी तिसरी गेली.

प्रशिक्षक म्हणाले, दम तुटला. पेपरात आलं, अनुभव कमी पडला. मी तिला कपडे बदलायच्या खोलीत शोधलं, तर ती बाकावर बसून बुटाच्या नाड्या सोडवत होती. मी शेजारी बसले. तीच म्हणाली, "मागं कोनच नाय असा वाटला गो. एकटीनं पुढं जाऊन काय करू?" आणि मग ती रडली. मी तिला तेव्हाच पहिल्यांदा रडताना बघितलं, आणि मीही तिच्याबरोबर रडले.

चौथ्या नंबरालाही काहीतरी मिळतं. तिला रेल्वेत खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागली, पण देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. क्वार्टर मिळाली, पगार मिळाला. भट्टी सुटावी म्हणून आईबापांना आणि भावंडांना ती घेऊन गेली. सगळे म्हणाले, पोरीने नशीब काढलं. खोटं नव्हतं ते. मला मात्र राहून राहून वाटायचं, की ज्या घरासाठी ती धावली ते आता बारा महिने बंद राहणार. निघताना तिने दाराला काटे लावले, हात झटकले आणि मला म्हणाली, "मी पन जगायलाच चाललू. भट्टी जरा लांबची, एवढाच."

मी पुढे मोखाडा तालुक्यातच आश्रमशाळेत खेळाची शिक्षिका झाले. देवकी फोन करायची. उन्हाळा लागला की फोन वाढायचे. मोह आला का, कुणाच्या आंब्याला मोहोर आहे, आपली कौलं जागेवर आहेत का. मग एका वर्षी तिला ऐन चैत्रात रजा मिळाली आणि ती एकटीच आली. मी बसस्टँडवर घ्यायला गेले. अंगात चांगला पंजाबी ड्रेस, केस कापलेले, दात नवा बसवलेला. पण पोशेऱ्याच्या वाटेला लागलो तशी ती पुढे झाली.

गावात कुणी नव्हतं. मला ते नवीन नव्हतं, पण तिला कोण सांगणार? तिने उन्हाळ्याबद्दल इतकं विचारलं होतं, आणि मी फुलं, आंबे, करवंदं एवढंच सांगत आले होते. तिच्या वाडीतली बहुतेक दारं काट्यांनी बंद होती. मागे राहिली होती ती म्हातारी माणसं. विहिरीचा तळ दिसत होता. टँकर आला की विहिरीत पाणी ओतून जायचा, आणि ते ओढून आणण्याची ताकद त्यांच्यात नव्हती. शेजारची बुधी आजी उंबऱ्यात बसलेली, डोळ्यांनी अधू. चाहूल लागताच तिने विचारलं, "कोन? भट्टी उठली का गो? आली का सगळी?"

"देवकी हाय, आजी. भट्टी नाय उठली. सुटीवर आलू."

"बरा झाला. हंडा रिकामा हाय बघ," आजी म्हणाली. इतक्या वर्षांनी आलेल्या मुलीशी तिचं पहिलं बोलणं हे.

रजेचे सगळे दिवस देवकीने पाणी भरलं. आधी बुधी आजीचं, मग सगळ्या वाडीचं. पहाटे मोहाची फुलं पडायची तेव्हा ती विहिरीवर असायची. एका सकाळी मी तिला ओढून झाडाखाली नेलं आणि फुलं तिच्या ओंजळीत घातली. तिने वास घेतला. बराच वेळ घेतला. "आंबूस पन हाय आनी गोड पन," ती म्हणाली, "तू बरोबर सांगत होतीस," आणि ओंजळ रिकामी करून परत विहिरीकडे गेली.

बसस्टँडवर निरोप घेताना तिने माझा हात घट्ट धरला होता. "तेवढी शर्यत मारली असती ना," ती म्हणाली, "तर ह्या म्हाताऱ्यांचा पानी मी रोज भरला असता. दुसरा काय मागत होतू मी?" बस सुटली. त्यानंतर तिचं लग्न तिकडेच झालं, मूल झालं, आईबाप थकले, आणि येणं राहिलं ते राहिलंच. फोनवर ती असते, पण फोन ठेवला की ती नसते. तिची मला इतकी आठवण येते की कधी कधी शाळेच्या मैदानावर पोरी धावत असताना मी तोंड फिरवून उभी राहते.

उन्हाळ्यात रविवारी मी पोशेऱ्याला जाते आणि बुधी आजीचं पाणी भरते. आजीला आता अजिबात दिसत नाही, ऐकूही कमी येतं. हंडा ठेवल्याचा आवाज झाला की ती चाचपडत माझा हात धरते आणि विचारते, "देवकी का गो?"

पहिल्यांदा मी माझं नाव सांगितलं होतं. तिचा हात सैल पडला होता. आता मी सांगत नाही.

"हो आजी," मी म्हणते.

"परत जाशील का?"

"नाय आजी," मी तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हणते, "आता नाय जायाची."