सांडलेलं तीर्थ

खरं सांगू का, त्या दिवसांत माझा देवावरचा विश्वास पार पातळ झाला होता. दिवा लावत होते, पण सवयीनं, दाराला कडी घालावी तसा. माझा सतीश व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आला होता. दारू सुटली होती, पण जाताना झोपही घेऊन गेली. कोपरखैरण्याच्या आमच्या एवढ्याशा घरात तो नुसता येरझाऱ्या घालायचा. हात थरथरायचे, कुकरची शिट्टी झाली तरी दचकायचा. पिणाऱ्या मुलाची मला सवय झाली होती. हा न पिणारा मला जास्त परका वाटायचा. आईनं असं लिहू नये, पण वाटायचं.

आमच्या सोसायटीत पाणी येवो न येवो, सल्ले चोवीस तास येतात. कोणी म्हणे जायफळ उगाळून दुधातून द्या, कोणी म्हणे ब्राह्मीचं तेल तळपायांना चोळा. सगळं केलं. सतीश म्हणायचा, "आई, आता मला फक्त फोडणी द्यायची राहिलीय." शेवटी समोरच्या वहिनींनी अश्वगंधेच्या अरिष्टाची बाटली आणून दिली. "काकू, एकदम नॅचरल आहे. टेन्शनच घेऊ नका, आमच्या सासूबाई ढाराढूर झोपतात." केंद्रातल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, काहीही द्यायच्या आधी आम्हाला विचारा. पण झाडपाल्याचं काय विचारायचं, असं मला वाटलं.

आमच्याकडे नवं औषध आधी दत्तमहाराजांपुढे ठेवतात आणि पहिला घोट तीर्थ म्हणून पळीनं हातावर देतात. माझ्या सासूबाईंपासूनची रीत. दिवेलागणीला मी वाटीत अरिष्ट ओतलं, हात जोडले आणि सतीशला हाक मारली. तो आला, वाटीकडे बघून थबकला.

"आई, हे नको."

"का रे?"

"वास बघ ना त्याचा."

"औषधाला औषधाचाच वास येणार. देवापुढे ठेवलंय, आता नाही म्हणू नकोस."

लेकरानं आयुष्यात काय काय केलं, पण तीर्थाला कधी नाही म्हटलं नव्हतं. त्यानं हात पुढे केला. मी पळी ओतली, तर हात इतका हलला की सगळं फरशीवर. म्हटलं, असू दे. पुन्हा ओतली, पुन्हा सांडली. मी तिसऱ्यांदा पळी भरली तेव्हा त्यानं डोळे मिटून घेतले. "आई, आता ओतू नकोस. या वेळी मी पिईन. आणि मग बाटली संपवीन."

मला काही कळेना. पुसायला खाली वाकले, आणि तो वास नाकात शिरला. मसाल्याच्या, गुळाच्या आड लपलेला, पण तोच. इतकी वर्षं दार उघडल्या उघडल्या यायचा तो. मी तिथंच फरशीवर बसले. बाटली मोरीत ओतली ती सतीशनं नाही, मीच. त्याला मी बाहेर गॅलरीत पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन केला. ते रागावले नाहीत. म्हणाले, "अरिष्ट आंबवूनच करतात, त्यात मद्यार्क असतो. नैसर्गिक म्हणजे याला चालेलच असं नसतं, आजी." मग त्यांनी बोलावून घेतलं, तपासलं, औषध बदलून दिलं.

चमत्कार झाला असं मी म्हणणार नाही. हात काय, त्याचे तेव्हा हलायचेच. पण ती थरथर थांबवा म्हणून मी रोज महाराजांपुढे पदर पसरत होते. त्यांनी ऐकलं असतं तर ते तीर्थ माझ्याच हातानं त्याच्या पोटात गेलं असतं. हे मनात आलं की अजून अंगावर काटा येतो.

झोप त्याला अजून धड लागत नाही. कधी दोन तास डोळा लागतो, कधी तोही नाही. पुढे काय होईल, मला ठाऊक नाही. केंद्रातून आलेली किती मुलं परत वळली, तेही ऐकून आहे. इतकी वर्षं मी देवापुढे बसून देवालाच काय काय करायचं ते सांगत होते आणि त्यालाच भक्ती समजत होते. आता काही सांगत नाही. डॉक्टरांना विचारायचं ते विचारते, बाकीचं महाराजांच्या पायाशी सोडते. संध्याकाळी सतीश कधी शेजारी येऊन बसतो, कधी येत नाही. येतो त्या दिवशी त्याच्या श्वासाला कसलाच वास नसतो. मी हात जोडते आणि एवढंच म्हणते, आजचा दिवस दिलात, महाराज.