मिथेनमधलं एक द्राक्ष

नव्वदच्या दशकात, आठवीतल्या माझ्या बहिणीने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मिथेनचा रेणू मांडला होता. मधे कार्बन म्हणून चिकू, भोवती टूथपिकांवर हायड्रोजनची चार द्राक्षं. माहिती तिने आठवडाभर आम्हाला ऐकवून पाठ केली होती. पण प्रमुख पाहुणे हारासकट झपाट्याने निघाले होते, कुठल्याच टेबलापाशी थांबत नव्हते. तिच्यापाशी त्यांनी जाता जाता एक द्राक्ष तोंडात टाकलं.

"काका, तो हायड्रोजन होता," ती म्हणाली. "आता कार्बनचा एक हात रिकामा झाला. तो तसा राहत नाही."

पाहुणे ओशाळून थांबले. "मग काय करतो?"

"दुसऱ्या कार्बनचा हात धरतो. असे हात धरूनच साखर होते, द्राक्ष होतं, आपणही होतो. बाकी बरंचसं पाणी."

पुढचंही सगळं त्यांनी उभ्याने ऐकलं. त्या दिवशी शेवटपर्यंत ऐकलं गेलेलं भाषण तेवढं एकच, पाहुण्यांचं धरून.